भारोभार गूळ

पारडं जमिनीला टेकलं तेव्हा आवाज फारसा झाला नाही. धप्प, एवढंच. पण त्यानंतर वाशीमच्या कापूसबाजारात जो हशा उठला तो उकंडरावांच्या कानातून दिवसभर गेला नाही. झालं होतं साधंच. इंझोरीच्या एका कास्तकारानं काट्याच्या दोराकडे बोट दाखवून शंका काढली, हा दोर जुना दिसते भाऊ, तुटला तं माहा कापूस मातीत जाईन. अडत उकंडरावांची, काटा उकंडरावांचा. दोराला नाव ठेवलं म्हणजे त्यांनाच ठेवलं. "तुटते का पाहू ना!" म्हणत ते भरल्या बाजारात धोतराचा सोगा सावरत रिकाम्या पारड्यात जाऊन बसले. समोरच्या पारड्यात कापसाचा बोझा होता, दोन गड्यांनी मिळून टाकलेला. तो असा काही वर गेला की तोलारी रतनसिंगाला दांडी धरायला उडी मारावी लागली. दोर तुटला नाही. कास्तकाराची शंका फिटली, आणि समोरच्या अडतीचे नानाजी, उकंडरावांचे लहानपणापासूनचे सोबती, ओट्यावरून ओरडले, "वा रे पठ्ठे! वयनीचा नवस फेडाले आता एक गुऱ्हाळ नाही पुरत, दोन लागतीन, दोन!" सगळ्यांत जास्त उकंडरावच हसले. जाड माणसाला ही सवय लागतेच. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घ्यायचं. रतनसिंगानं हात देऊन त्यांना बाहेर काढलं, कोणीतरी धोतराची धूळ झटकली, आणि पुढची गाडी काट्याला लागली.

नवस. दुपारभर तो शब्द उकंडरावांच्या मागं लागला होता. विसरले होते असं नाही. विसरलेल्या गोष्टीची लाज वाटत नाही, बाजूला सारलेल्या गोष्टीची वाटते. विजयमाला, त्यांची एकुलती एक लेक, परकर नेसायची तेव्हाची ती गोष्ट. आता ती स्वतः लेकुरवाळी झाली. उकंडरावांना मुदतीचा ताप आला होता. वैद्यांनी नाडी पाहून बोलणं सोडलं होतं, आणि माणसं ओसरीवर हळू आवाजात कोणाकोणाला निरोप धाडायचा ते ठरवत होती. त्या दिवशी त्यांची बायको गोजराबाई बैलगाडी जोडून माहेरी केनवडला गेल्या, विहिरीवर न्हाल्या आणि ओलेत्यानं देवीपुढं उभ्या राहिल्या. "माय, याह्यले उठव. याह्यच्या भारोभार गूळ वाटीन तुह्या दारात. तवलोक मी गोडाले तोंड लावणार नाही." माणूस उठला. ताप उतरला तेव्हा गोजराबाई म्हणाल्या, चला आता. आणि उकंडरावांनी आरशात पाहिलं. मान भेंडीसारखी, गालफडं बसलेली, डोळे आत. ते म्हणाले, "अशा काडीले पारड्यात बसवून तुला करतं का कोणी? लोक म्हणतीन, गुळाच्या चार भेल्यांत देवीले गुंडाळलं. थोडं अंग भरू दे." गोजराबाई म्हणाल्या होत्या, "देवीनं वजन नाही मांगलं. म्या तुमाले मांगलं." किती सरळ बोलली होती बाई! पण उकंडरावांना तेव्हा दिसत होती ती फक्त माणसं, देवळापुढं जमलेली, आणि त्यांच्या मधोमध हलकं पारडं.

मग अंग भरायला घेतलं. त्यात ते लहानपणापासूनच हुशार. आधीची तीन भावंडं गेलेली, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून परत उचललं होतं, यमाला वाटावं कचराच आहे. नाव उकंडा पडलं आणि खाऊ घालणं सुरू झालं. त्यांच्या ताटाला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. तापानंतर तर काय, शिरा, पुरणपोळी, तुपाची धार, गुळवणी. देवीच्या चैत्रातल्या जत्रेपर्यंत माणूस कसा भरून आला! तेव्हा करायला हवी होती तुला. तेव्हा अगदी मापात होते. पण त्या साली हंगाम लांबला, गाड्या चैत्र लागला तरी येतच होत्या. त्याच्या पुढं विजयमालेचं लग्न निघालं. त्याच्या पुढं कधीतरी बसल्या जागी पायाची बोटं दिसेनाशी झाली. आणि मग मेडशीकडच्या एका गलेलठ्ठ पाटलाची तुला त्यांनी पाहिली. पाटील पारड्यात मावेना, पोरं खिदळत होती, बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. त्या दिवशी उकंडराव घरी आले आणि म्हणाले, यंदा नको, थोडं उतरू दे. पहिल्यांदा बारीक म्हणून, नंतर जाड म्हणून. देवी काय म्हणत असेल कोण जाणे.

बाजारात हशा झाला त्या संध्याकाळी ताटात सांज्याची पोळी होती. गोजराबाई समोर बसल्या, पाटावर नाही, जमिनीवरच, गुडघ्याला हनुवटी टेकवून. वाळल्या होत्या अलीकडे. या घरात एकाचं अंग वाढतं अन् एकाचं आटतं, असं विजयमाला एकदा हसत म्हणाली होती. उकंडरावांनी घास घेतला. "गोड बरोबर हाय का?" गोजराबाईंनी विचारलं, नेहमीसारखं. "थोडं अजून चाललं असतं," ते म्हणाले, नेहमीसारखंच. आणि मग एकदम, घास तोंडात असतानाच, म्हणाले, "यंदा चैत्रात करू तुला." गोजराबाईंनी हनुवटी उचलली. "खरं?" "खरं म्हणजे काय! देवीच्यान. पण तवलोक मी उतरतो थोडा. चालतो, नमस्कार घालतो, खाणं तोडतो." गोजराबाई उठल्या आणि उरलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या. त्यांची पावलं इतकी हलकी पडत होती की उकंडरावांनी नजर ताटाकडे वळवली.

गावच्या डॉक्टरांनी मागेच तेच सांगितलं होतं, पहाटे चाला, नमस्कार घाला, गोड बंद, भात कमी. अकोल्याहून कॅनव्हासचे बूट आले. पहिल्या दिवशी उकंडराव पद्मतीर्थाच्या तळ्याला वळसा घालून आले तेव्हा गावावर उपकार केल्यासारखी त्यांची मान ताठ होती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं नऊही झाले नाहीत. नमस्कार घालताना पोट जमिनीला आधी लागायचं आणि कपाळ नंतर, कधी कधी लागायचंच नाही. मांड्या ठणकायच्या. आणि दिवस तर कापसाचे. पहाटेपासून गाड्यांच्या रांगा, बैलांच्या घुंगरांचा आवाज थेट घरात यायचा, सरकी काढायच्या जिनाचा भोंगा झाला की रतनसिंग दारात हजर, "मालक, काटा लावू का?" एक दिवस चुकला, मग दुसरा. हंगाम खराच होता, हीच तर पंचाईत. खोटी सबब असली तर माणूस स्वतःला फटकारून उठतो; खऱ्या सबबीचं काय करावं? तिच्या अंगावर रेलून आरामात झोपता येतं. पण गोजराबाई रोज पहाटे उठायच्या. पाणी तापवायच्या, लिंबाचा रस आणि मध घालून पेला ठेवायच्या, आणि ते बूट फडक्यानं पुसून उंबऱ्याजवळ मांडायच्या. उठवायच्या नाहीत. नुसते बूट मांडायच्या. उकंडराव पांघरुणातून एक डोळा उघडून ते पाहायचे आणि कूस बदलायचे.

एकदा पेल्याचा घोट घेतला तर तोंड वाकडं झालं. "काय हे! नुसतं आंबट. देण्याआधी चाखून पाहाले काय झालं?" ते खेकसले. गोजराबाई चुलीत लाकूड सारत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "मी कशी चाखू?" म्हणाल्या. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं. मीठ संपलं, सरपण ओलं हाय, तशा आवाजात म्हणाल्या त्या. उकंडराव पेला हातात धरून उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात एक एक ताट मांडलं जायला लागलं. गोड बरोबर हाय का? पोळ्याला, दिवाळीला, विजयमालेच्या लग्नात बुंदी पाडली तेव्हा, नातवाच्या बारशाला. गोड बरोबर हाय का? इतकी वर्षं त्यांना वाटायचं, बाईला कौतुक हवं. सुगरणीला चांगलं म्हणवून घ्यायची हौस असतेच, म्हणून ते मुद्दाम तिष्ठत ठेवायचे, थोडं अजून पाहिजे म्हणायचे, चिडवायचे. आणि ती तर खरंच विचारत होती. तिला माहीतच नव्हतं. आंधळ्यानं रस्ता विचारावा तशी ती विचारत होती, आणि हे पठ्ठे मजा करत होते! थोडं अजून म्हटलं की पुढच्या वेळी ती थोडं अजून घालायची, ते अजून खायचे, अजून फुगायचे, आणि तुला अजून पुढं जायची. अरे देवा. उकंडरावांनी तो आंबट पेला एका दमात संपवला. मग बूट घातले आणि त्या दिवशी खरोखरच चालून आले.

असं कळल्यावर माणूस सुधारतो, नाही का? पुराणात सुधारतो. उकंडराव पुढं चार-दोन दिवस चालले, आणि मग एका सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर मदनसिंगाच्या हॉटेलातली कढई तापली होती. नुसता चहा, म्हणून ते बाकावर टेकले. जिलबीचा वास काय असतो ते ज्यानं गोड सोडलं त्यालाच कळतं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याच विचारानं ते दचकले. पण मदनसिंगानं विचारायच्या आधीच पानावर घातलं होतं. "घ्या मालक, थकून आले. चालणाऱ्याले काही नाही होत." चालणाऱ्याले! ते घरून निघून हॉटेलापर्यंत तेवढे चालले होते. मग ते रोजचंच झालं. बूट घालायचे, काठी घ्यायची, गल्लीच्या टोकापर्यंत झपाझप जायचं, आणि मदनसिंगाच्या आतल्या बाकावर, रस्त्यावरून दिसणार नाही असं बसायचं. अन्न गिळताना लाज गिळावी लागत होती, आणि तरी दुसरी जिलबी पहिलीपेक्षा बरी लागत होती, हे कोणाला सांगावं! रोज ठरवायचे, आज शेवटची. उन्हं वर आली की घरी यायचे, भट्टीच्या धगीनं घामेघूम. गोजराबाई घाम पाहून खूश व्हायच्या. "आज लय लांब गेले वाटते," म्हणायच्या आणि वारा घालायच्या. वारा घेताना उकंडराव डोळे मिटून घ्यायचे, आणि गोजराबाईंना वाटायचं थकले बिचारे.

शेजारच्या हिरीबाईशी त्या कुंपणाशी बोलत होत्या, ते एकदा त्यांच्या कानी पडलं. "आता चैत्रात फिटते वो माय," गोजराबाई सांगत होत्या. "लय मेहनत करून राह्यले ते. रोज चालतात. अंगानं तेवढं दिसत नाही, पण चालतात." हिरीबाई म्हणाली, "पह्यला घास कायचा खाशीन, गोजरे?" त्यावर गोजराबाईंनी कुंपणाची एक काडी मोडून हातात घेतली. मग म्हणाल्या, "गुळाचा खडाच. बाकी काही नको. नुसता खडा." आवाजात एक लाजरं हसू होतं, नव्या नवरीला माहेराचं विचारल्यावर येतं तसं. उकंडराव भिंतीला पाठ लावून उभे होते. जावं आणि सांगावं, नको त्या चैत्राची वाट पाहू, मी चालत-बिलत नाही, मी हॉटेलात बसतो, तुह्या वाटचंबी मीच खाऊन राह्यलो. ते तसेच मागं सरून घरात गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मदनसिंगाकडे गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखव होते म्हणून खाणं थांबतं असं थोडंच आहे.

आणि मग ती सकाळ. काही विशेष नव्हतं तिच्यात. ते अंगणात आले, काठी कोपऱ्यात टेकवली, बाजेवर बसले. गोजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि देता देता थबकल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. उकंडरावांना आधी कळेना. मग त्यांना स्वतःलाच जाणवलं, उजव्या बाजूची मिशी ओठाला ओढतेय, चिकट. पाक. आता बोलेल, त्यांना वाटलं. बोलावं तिनं. चार शिव्या द्याव्यात, तांब्या आपटावा, लेकीला बोलावून सांगावं, पाहा तुह्या बापाचे धंदे. गोजराबाईंनी पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि पोराचं तोंड पुसावं तशी त्यांची मिशी पुसली. पदरानं सगळं निघेना म्हणून बोटानं पुसलं. आणि मग त्या मोरीशी गेल्या, वाकल्या, आणि ते बोट धुतलं. एकदा धुऊन नाकाजवळ नेलं, पुन्हा धुतलं. राख लावून, चोळून. चुकून ओठाला लागू नये म्हणून. उकंडराव ते वाकलेलं, हडकुळं पाठमोरं अंग बघत होते आणि त्यांच्या आत काहीतरी धप्पकन जमिनीला टेकलं. इतकी वर्षं ज्या हशाला ते भीत होते तो हशा त्यांना त्या क्षणी फार थोडका वाटला.

"येत्या मंगळवारी चाल केनवडले," ते म्हणाले. गोजराबाईंनी हात पुसले. "हंगाम हाय ना. अन् तुमाले उतराचं होतं." "खड्ड्यात गेला हंगाम." "लोक हासतीन," त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे तिला तेही माहीत होतं. आपण कधी बोललो नव्हतो, आणि तिला माहीत होतं. उकंडराव बाजेवर बसून राहिले आणि जिनाचा भोंगा होऊन गेला तरी उठले नाहीत. मंगळवारी भर हंगामात अडत बंद. नानाजी ओट्यावरून ओरडले, "काहून रे, कोण गेलं?" "कोणी नाही गेलं," उकंडराव म्हणाले, "तुह्या वयनीचा नवस हाय. तूही चाल." नानाजींनी लगेच टोपी घातली, शेजारची हिरीबाईही सोबत निघाली. रतनसिंगानं बाजारातला काटा गाडीत घातला, तोच, त्याच दोराचा.

देवीपुढच्या निंबाच्या फांदीला काटा टांगला. गोजराबाईंचा भाऊ जगदेव यानं आसपासची गुऱ्हाळं पालथी घालून गूळ गोळा केला होता. भेल्या पाहून सगळं केनवड लोटलं. उकंडरावांच्या गळ्यात हार घातला, कपाळाला कुंकू लावलं, आणि त्यांनी पारड्यात पाय ठेवला. धप्प. आणि हसले लोक, नाही कसे! जोरात हसले. नानाजी म्हणाले, "तुळशीचं पान टाका रे कोणी, नाही तं रात होईन!" एक म्हातारी बोळक्या तोंडानं म्हणाली, "बरं झालं बापा जाड हायेस, गावाले पुरंन." पोरं प्रत्येक भेलीला ओरडत होती, अजून, अजून! बस्स, एवढंच होतं ते. हशा आला आणि गेला, वाऱ्यासारखा, आणि त्याच्यामागं तोंडाला पाणी सुटलेली भली माणसं तेवढी उरली. याच्यासाठी? उकंडराव मांडी घालून बसले होते आणि समोर भेलीवर भेली चढत होती. पिवळट, काळपट, कडेला पाझरणाऱ्या. ढीग त्यांच्या गुडघ्याएवढा झाला, छातीएवढा झाला. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला होता, तोलणं त्यांना कळत होतं. हा माझ्या भारोभार गूळ नव्हे, त्यांना वाटलं. हा तिनं न खाल्लेला गूळ. दिवाळीचा, पोळ्याचा, लेकीच्या लग्नाचा. सगळा इथं रचला आहे, आणि बरोबर तेवढाच मी आहे. पारडं हललं. हळूहळू ते जमिनीवरून उचलले गेले. दांडी सरळ झाली आणि रतनसिंग ओरडला, "झालं!"

चाल अशी होती की नवस बोलणारीनं पहिला खडा खाल्ल्याशिवाय तुलेतल्या माणसानं उतरायचं नाही. जगदेवानं भेली फोडली आणि एक खडा बहिणीच्या तळहातावर ठेवला. माणसं पुढं सरकली. गोजराबाईंनी तो देवीकडे धरला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. उकंडराव तरंगत्या पारड्यातून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हनुवटी हलली, थांबली, पुन्हा हलली. आता हसेल. कुंपणाशी हसली होती तशी हसेल. गोजराबाईंच्या भुवया जवळ आल्या. फार जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही तेव्हा येतात तशा. खडा या गालातून त्या गालात गेला. हिरीबाईनं मागून विचारलं, "कसा लागते वो?" गोजराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, तोंडात गूळ तसाच धरून, आणि रोज ताटासमोर बसून विचारायच्या तसं विचारलं,

"गोड बरोबर हाय का?"

उकंडरावांच्या तोंडात काहीच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी पारड्याचे दोर धरले.

"हाय," ते म्हणाले. "बरोबर हाय."